नवं फ्रेमवर्क आणताना जुन्या हातांना विचारा

महोदय,

लातूरच्या भुसार बाजारातल्या आडत्यांसाठी हिशोबपट्टीचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी टीम लीड आहे. आम्ही पाच जण, सगळ्यांची उमेदीची वर्षं पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेत गेलेली. मागच्या उन्हाळ्यात जँगोकडे, म्हणजे पायथन या दुसऱ्या भाषेतल्या वेब सॉफ्टवेअरच्या तयार सांगाड्याकडे (फ्रेमवर्ककडे), वळायचं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं आणि टीमला कळवलं. माझं तिथंच चुकलं.

पुण्याहून प्रशिक्षक आले. मॉडेल, व्ह्यू, टेम्प्लेट, मायग्रेशन, असे जँगोचे सगळे भाग दोन दिवसांत झाले. उदाहरण पुस्तकांच्या दुकानाचं. आमच्यातले सर्वांत जुने सहकारी, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, वहीत उतरवून घेत होते, पण एक शब्द बोलले नाहीत. मी समजले, यांना आता नवं नको आहे.

तीन आठवड्यांनी त्यांनी माझ्यापुढं दोन पट्ट्या ठेवल्या. शेतकरी तोच, तूर तीच, दिवसही तोच. जुन्या प्रोग्रामच्या पट्टीवर तोलाई 13 रुपये, नव्याच्या पट्टीवर 12. “ताई, साडेबाराचे बारा कसे झाले?”

पीएचपीचं राउंड, म्हणजे अपूर्णांकाचा पूर्ण आकडा करणारी आज्ञा, अर्ध्याला वर नेतं. पायथन 3 चं राउंड बरोबर मधोमध आलेला आकडा जवळच्या सम संख्येवर नेतं. म्हणून साडेबाराचे 12 आणि साडेतेराचे मात्र 14. पायथनचं यात काही चुकत नाही, पण आमच्या बाजारात साडेबाराचे तेराच होतात. रोजमेळात एक रुपया जुळला नाही तरी मुनीम रात्री उशिरापर्यंत उठत नाही. हे तपासायला दादांना कोणी सांगितलं नव्हतं. जुन्या पट्ट्या नव्या प्रोग्राममधून काढून ते आपणहून ताडून पाहत होते.

मग पैशाचे सगळे आकडे आम्ही डेसिमलमध्ये, म्हणजे दशांश जसेच्या तसे ठेवणाऱ्या प्रकारात, घेतले, अर्धा वर जाईल असं कोडमध्ये स्पष्ट लिहिलं आणि जँगोकडे वळण्याच्या सगळ्या कामाची सूत्रं दादांकडे दिली. त्यांनी आधी बारदान्याची नोंद नव्या प्रोग्राममध्ये नेली, पट्टी सर्वांत शेवटी ठेवली. सोयाबीनच्या हंगामात कशालाही हात लावायचा नाही, हेही त्यांनीच ठरवलं.

आपण वृत्तपत्रवाले, म्हणून आवर्जून सांगते: जँगो घडलं तेच एका दैनिकात. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’मध्ये 2003 साली अ‍ॅड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी ते सुरू केलं, 2005 मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. त्यातलं अ‍ॅडमिनचं तयार पान वृत्तपत्राच्या कर्मचाऱ्यांना मजकूर स्वतः भरता यावा म्हणून आलं. आज त्याच पानावर आमच्याकडचे मुनीम हमालीचा दर स्वतः बदलतात. पूर्वी तेवढ्यासाठी आम्हाला फोन यायचा.

मराठवाड्यात अशा छोट्या कंपन्या चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रशिक्षक बोलावण्याआधी टीमला जुन्या प्रोग्रामपुढं बसवा आणि कुठं काय अडतं ते त्यांच्या तोंडून लिहून घ्या. शिकण्यासाठी त्यांचा रविवार घेऊ नका, तास कामाच्या वेळेतलेच द्या. आमच्याकडे ते बुधवारी दुपारी असतात, सौदे आटोपल्यावर.

– एक सॉफ्टवेअर अभियंता, लातूर