आईच्या शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना सांगायची गोष्ट

लीड्स, रविवार

तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार.

आईच्या पित्ताशयाची दुर्बिणीतून होणारी शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात ठरल्याचे कळले. शस्त्रक्रियेची मला फारशी चिंता वाटत नाही. चिंता आहे ती नंतरच्या उलट्यांची. गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर तुम्ही रात्रभर स्टीलचे पातेले धरून बसला होता आणि प्रत्येक उमाळ्याला ती पोटावरचे टाके दोन्ही हातांनी दाबून धरत होती, ते मी विसरलेले नाही.

येथे शुद्धीवर येणाऱ्या रुग्णांची देखभाल हेच माझे काम असल्यामुळे सांगते: या त्रासावरची औषधे उलटी झाल्यावर शोधायची नसतात, ती वेळेआधी द्यायची असतात आणि प्रत्येकाची वेळ निराळी असते. डेक्सामेथासोनचा गुण यायला वेळ लागतो, म्हणून ते भूल दिल्याबरोबर, शस्त्रक्रियेच्या आरंभीच देतात. रुग्ण जागा असताना भरकन टोचले तर जांघेत विलक्षण खाज आणि आग सुटते, म्हणून आधी गुंगी, मग ते. ऑन्डान्सेट्रॉनचा प्रभाव मात्र काही तासांत ओसरतो, त्यामुळे ते साधारण 4 मिलिग्रॅम, शस्त्रक्रिया संपत आली की देतात. म्हणजे भूलतज्ज्ञांना आईची हकीकत शेवटी कळून उपयोग नाही, कारण आरंभीची वेळ तोवर निघून गेलेली असते.

हकीकत अशी की, स्त्री असणे, धूम्रपान न करणे, पूर्वी असा त्रास झालेला असणे किंवा गाडी लागणे, आणि नंतर अफूवर्गीय वेदनाशामके लागणे, या चार गोष्टी धोका मोजताना पाहतात. (विडी ओढणाऱ्यांना हा त्रास कमी होतो, हा वैद्यकातला एक अन्यायच म्हणायचा.) चारही असतील आणि काहीच औषध दिले नाही, तर शंभरातल्या सुमारे ऐंशी जणांना मळमळ किंवा उलटी होते. आईला कुंभार्ली घाटात एसटी लागते, हे तुम्हाला क्षुल्लक वाटेल, पण भूलतज्ज्ञांसाठी ती मोलाची माहिती आहे. पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या, 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रत्येक औषधाने उरलेला धोका सुमारे चतुर्थांशाने कमी झाला. म्हणून तिच्यासारख्यांना एकावर न थांबता दोन किंवा तीन वेगवेगळ्या गटांतली औषधे देतात.

तिला मधुमेह आहे हेही आवर्जून सांगा. डेक्सामेथासोन स्टेरॉइड असल्याने साखर चढू शकते; द्यावे की नाही, किती द्यावे, हे तेच ठरवतील, पण साखर मात्र दुसऱ्या दिवशीही तपासून घ्या. इतके करूनही वॉर्डात उलटी झालीच, तर आधी कोणते इंजेक्शन केव्हा दिले ते परिचारिकेला विचारा, कारण सहा तासांच्या आत तेच पुन्हा देण्याने सहसा काही साधत नाही, दुसऱ्या गटातले लागते.

भूलतज्ज्ञ तपासायला येतील तेव्हा आई स्वतः काही बोलणार नाही, "मला काही त्रास नाही" म्हणेल. तेव्हा तुम्ही शेजारी बसा आणि पातेल्याची गोष्ट सांगा.

तुमची,
धाकटी