शंभराचं तिकीट विकायचं कुठे?

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

सप्टेंबर 2025 मध्ये शंभर रुपयांपर्यंतच्या सिनेमा तिकिटावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. चांगलं झालं. पण साहेब, शंभराचं तिकीट विकणारं टॉकीज आमच्या गावात उरलेलंच नाही. होतं ते पाडून तिथे गाळे निघाले. आता सिनेमा बघायचा तर साठ किलोमीटरवर जिल्ह्याच्या गावी जायचं. चौघांची तिकिटं, एसटीचं भाडं, वर पोरांचं पॉपकॉर्न! त्यात मराठी सिनेमा असला की खेळ दुपारी सव्वाबाराचा. त्या वेळी रानात असलेला माणूस येणार कसा? मग चौथ्या दिवशी ‘प्रेक्षकच नाही’ म्हणून सिनेमा उतरवतात.

प्रेक्षक नाही, हे मला पटत नाही. पुसेगावच्या यात्रेत तंबू टॉकीजमध्ये मातीत बसून मी सिनेमे पाहिलेत. थंडी मरणाची, शेजारच्या तंबूतली मारामारी आमच्या गाण्यात ऐकू यायची, रीळ तुटलं की शिट्ट्या. तरी तंबू भरलेला.

आमच्याकडे नगरपालिकेचं नाट्यगृह आहे. एरवी कुलूप, उघडतं ते सत्काराला नाहीतर शाळेच्या गॅदरिंगला. तिथे पडदा आणि डिजिटल प्रोजेक्टर बसवा, आठवड्यातले दोन दिवस संध्याकाळचा खेळ लावा. रिळांच्या पेट्या आता आणाव्या लागत नाहीत, सिनेमा हार्ड डिस्कवर किंवा उपग्रहावरून येतो. अडेल ते आवाजापाशी. नाट्यगृह नटाच्या आवाजासाठी बांधलेलं असतं, सिनेमाचा चहूबाजूंनी येणारा आवाज तिथे घुमू शकतो. तो खर्च वाचवू नका, नाहीतर लोक एकदाच येतील. आणि तारखांवर पहिला हक्क नाटकवाल्यांचा, हे आधीच लिहून ठेवा. उगाच नवी भांडणं नकोत.

सरकारनं थिएटर चालवायचं का, असं कुणी विचारेल. केरळात राज्य चित्रपट विकास महामंडळ चालवतंच की. तिरुवनंतपुरमची कैरली, श्री, निळा ही थिएटरं त्यांचीच. आपण गोरेगावला आणि कोल्हापूरला चित्रनगरी उभारली, मराठी सिनेमाला अनुदान देतो. म्हणजे सिनेमा काढायची सोय केली. बघायची मात्र मॉलवाल्यांवर सोडली.

सुरुवात आमच्या गावापासून करा. नाट्यगृहाची चावी मुख्याधिकाऱ्यांच्या कचेरीत असते.

आपला,
सातारा जिल्ह्यातला एक प्रेक्षक