रविवार पेठेतल्या काका-मावशींचे मनापासून आभार

आईच्या जुन्या पायमशीनवर महिनाभर एक टीप धड पडत नव्हती. वरून सगळं ठीक दिसायचं, पण कापड उलटलं की खाली दोऱ्याचं नुसतं जाळं. गुंता खाली होतो म्हणून मी रोज बॉबिन केसचाच, म्हणजे खालच्या दोऱ्याची रीळ बसते त्या डबीचाच, स्क्रू पिळत होते.

शेवटी पुण्यात रविवार पेठेत नवी बॉबिन केस घ्यायला गेले. दुकानातल्या काकांनी ती दाखवण्याआधीच विचारलं, "ताई, दोरा ओवताना मशीनचा कापड दाबणारा पाय वर असतो की खाली?" खाली असायचा. पाय खाली असला की टेन्शनच्या, म्हणजे वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्या मिटलेल्या राहतात, दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही. मग तो वरून सैल सुटतो आणि खाली गोळा होतो. म्हणजे दोष वरचा आणि दिसतो खाली! काकांनी मला केस विकली नाही. उलट जुन्या केसच्या पत्तीखालून टाचणीने दोऱ्याचा तांबूस तुकडा काढून तळहातावर ठेवला. आईच्या कुठल्या शिवणाचा होता कोण जाणे, मी तो जपून ठेवलाय.

शेजारी उभ्या मावशींनी माझी सुई बोटांत फिरवून दाखवली: लांब खाच ज्या बाजूला, तिकडूनच दोरा ओवायचा, चपटी बाजू पलीकडे. आणि बोथट सुई आधी बदल म्हणाल्या.

नावं विचारायची राहिली. काका, मावशी, तुमचे खूप खूप आभार. काल रात्री भाचीचं परकर-पोलकं शिवून झालं, टीप दोन्ही बाजूंनी सारखी आली आहे.