थ्रॉटल देताच धापा टाकणारे इंजिन

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र वाचल्यापासून मन तुझ्या बोटीपाशीच घुटमळते आहे. काठावर इंजिन एका सुरात चालते, पण पाण्यात थ्रॉटल पुढे सारला की आचके देते, आवाज बसतो आणि थ्रॉटल मागे घेताच पुन्हा सावरते, असे तू लिहितोस. कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, खोलायचा तुझा विचार मात्र तूर्त बाजूला ठेव, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

काठावर पंख्याला पाणी कापावे लागत नाही आणि तेवढ्या चालीला लागणारे पेट्रोल इतके थोडे असते की अर्धवट तुंबलेली नळीसुद्धा ते पुरवते. म्हणून तपासणी भाराखाली, पाण्यातच करावी लागेल. सोबत एक माणूस घे. सुकाणू धरणाऱ्याने इंजिन बंद करणारी सुरक्षा-दोरी अंगाला अडकवावी आणि दुसऱ्याने टाकी व इंजिन यांच्यामधल्या नळीवरच्या, हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायच्या रबरी फुग्याशी बसावे. इंजिन अडखळू लागले की त्याने तो फुगा दाबावा. दाबताच जोर परत आला, तर प्लगच्या ठिणगीचा संशय मागे पडतो आणि दोष पेट्रोलच्या पुरवठ्यात आहे हे जवळपास नक्की होते. फुगा आपोआप चपटा होत असेल तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे. तो चपटा होत नसेल, पण दाबल्याने फरक पडत असेल, तर इंजिनावरचा पंप तपास, आणि नळीच्या जोडांतून हवा शिरत नाही ना, तेही पाहा.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतो, कारण मी स्वतः दोन महिने प्लग बदलण्यात आणि कार्बोरेटर दोनदा धुण्यात घालवले होते. शेवटी एकदा चालत्या बोटीत फुग्याला हात लावला, तर तो पार आत ओढला जाऊन चिपाडासारखा झालेला. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडाच होता, म्हणजे टाकीत हवा जायची वाट मोकळी होती; तेव्हा नळी काढून उभी चिरली. बाहेरून ती नव्यासारखी गुळगुळीत होती, पण आतला पातळ थर एका जागी सुटला होता. नखाने उचलला तर सालीसारखा हातात आला. पेट्रोल हळू वाहत असताना तो पडून राही, ओढ वाढली की उठून वाट अडवी. नळी बदलली आणि त्याच दिवशी बोट पूर्वीसारखी उचलली गेली.

नळी ठीक निघाली तर टाकीच्या तळाचे थोडे पेट्रोल काचेच्या बरणीत काढून स्थिर होऊ दे. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसेल, आणि इथेनॉल मिसळलेले पेट्रोल बरेच दिवस पडून राहिले असेल तर ही शक्यता अधिक. त्यानंतर फिल्टर, आणि मगच कार्बोरेटरचा मुख्य जेट, म्हणजे जोराच्या चालीला पेट्रोल सोडणारे बारीक भोक. मंद चालीचा मार्ग वेगळा असल्याने मुख्य जेट तुंबला तरी इंजिन काठावर सुरळीत चालते. फुगा दाबूनही काही फरक पडला नाही, तर प्लग, कॉइल आणि सिलिंडरचा दाब पाहायला हवा. पंख्याच्या बुशाकडे, म्हणजे पंखा दांड्यावर धरून ठेवणाऱ्या रबरी भागाकडे, तू जाऊ नकोस; बुश घसरत असता तर फेरे वाढले असते आणि बोट मागे राहिली असती, तुझ्याकडे तर फेरेच पडतात.

एक गोष्ट मात्र मनापासून ऐक. तुझे इंजिन टू-स्ट्रोक आहे आणि ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते, म्हणजे पेट्रोल कमी पडले की वंगणही कमी पडते. अशा उपाशी अवस्थेत ते जोराने पळवत राहिलास तर पिस्टन जळेल, आणि साध्या नळीपायी सगळे इंजिन जाईल. चाचणी क्षणभराचीच असू दे, आणि पेट्रोलचा वास सुटलेला असताना इंजिन सुरू करू नकोस.

फुगा दाबल्यावर नेमके काय झाले, तेवढे लगेच कळव.

तुझा,
जुना सोबती