झाडावर चढणाऱ्याचा बेल्ट त्यालाच निवडू द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्याच्या तोंडावर शहरात फांद्या छाटायचं काम सुरू झालं की पेपरात एखादा तरी फोटो येतोच, कडुनिंबाच्या नाहीतर गुलमोहराच्या शेंड्यावर कुणीतरी कुऱ्हाड घेऊन उभा, पायात स्लिपर, कमरेला दोर असला तर असला, आणि खाली लिहिलेलं असतं की जीव धोक्यात घालून काम सुरू. मग दोनचार दिवसांनी वाचकांची पत्रं येतात, यांना सेफ्टी बेल्ट का देत नाहीत म्हणून. मी स्वतः झाडावर चढूनच पोट भरतो म्हणून सांगतो, बऱ्याच जागी बेल्ट दिलेला असतो, तो खालच्या फांदीला टांगलेला असतो किंवा टेम्पोत पडलेला असतो. काहून घालत नाही बे, असं विचारलं तर पोट्टे सांगतात, "भाऊ, त्यानं मांड्या कापून राहिल्या, अन् वर काम होत नाही." यावर साहेब लोक हसतात, याला शिस्तच नाही म्हणतात. पण पोट्टा खरं बोलतोय.

कारण तो बेल्ट असतो बिल्डिंगच्या साइटवरचा. फुल बॉडी हार्नेस, म्हणजे खांद्यापासून मांड्यांपर्यंत अख्ख्या अंगाला बांधायचे पट्टे, पाठीवर दोन खांद्यांच्या मधोमध डी-रिंग (इंग्रजी डी अक्षरासारखी कडी), तिच्यातून दोरी आणि दोरीला हूक. ज्या कामासाठी तो बनवलाय तिथे तो एकदम बरोबर आहे, म्हणजे माणूस परांचीवर आपल्या पायावर उभा आहे, बेल्टवर त्याचा काहीच भार नाही, आणि तोल गेलाच तर बेल्टने झेलायचं. झाडावर सगळं उलटं असतं. झाडावर आम्ही तासन् तास दोरीवर बसलेले असतो, अख्खं वजन हार्नेसवर, पाय फक्त खोडाला टेकवायला. पाठीच्या रिंगवर लटकून करवत चालवून बघा, तोंड जमिनीकडे जातं, दोरी मानेच्या मागे, चढायला-उतरायला दोरीवर जी सरकती गाठ असते तिच्यापर्यंत हात जात नाही, आणि मांडीचा तो दीड-पावणेदोन इंचाचा बिनफोमचा पट्टा थोड्याच वेळात असा रुततो की खाली उतरल्यावर पाय आपला वाटत नाही. मग माणूस काय करतो, तर काढून टाकतो आणि कमरेला दोर गुंडाळतो, जे सगळ्यात वाईट, कारण नुसत्या कमरेच्या दोरावर पडलात तर तो सरकून बरगड्यांखाली आवळतो आणि श्वास घेणं मुश्कील होतं.

झाडाचा हार्नेस म्हणजे बसायचा हार्नेस. कमरेला रुंद जाड पट्टा, मांड्यांना दोन रुंद पट्टे, दोन्ही बाजूंना एकेक डी-रिंग (यात लॅनयार्ड लागते, म्हणजे खोडाभोवती टाकायची आखूड दोरी) आणि समोर ब्रिज, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला जोडलेली आखूड दोरी जिच्यावर एक रिंग इकडून तिकडे सरकते. चढायची मुख्य दोरी त्या रिंगला. त्यामुळे तुम्ही डावीकडे वळलात की रिंग आपोआप सरकते, कंबर पिळली जात नाही. खरेदी करणाऱ्यांसाठी सांगतो, लेबलवर युरोपातल्या स्टँडर्डचा नंबर असतो, बसायच्या हार्नेसला ईएन ८१३ लिहिलेलं असतं, बाजूच्या रिंगांसाठी ईएन ३५८, आणि पाठीच्या रिंगचा पडण्यापासून वाचवणारा तो ईएन ३६१. आपल्याकडचं आयएस ३५२१ हे सेफ्टी बेल्ट-हार्नेसचं स्टँडर्ड. टेंडरमध्ये नुसतं 'आयएसआय मार्क बेल्ट' असं लिहिलं तर सप्लायर पाठीच्या रिंगवालाच देणार, त्याची काही चूक नाही, मागितलं तेच त्याने दिलं.

आता निवडायचा कसा. दुकानात आरशासमोर घालून बघण्याला काहीच अर्थ नाही, उभ्या माणसाला सगळेच हार्नेस छान वाटतात. लटकून बघायचा. दुकानात हूक असेल तर हुकाला, नाहीतर दुकानदाराशी बोलून घेऊन यायचा आणि अंगणातल्या जाड फांदीला, जमिनीपासून वीतभर वर, पंधरा-वीस मिनिटं. नुसतं बसायचं नाही, मागे रेलायचं, एका कुशीवर व्हायचं, एक हात पूर्ण लांब करायचा जसा फांदीच्या टोकाला करवत लावताना करतो तसा, पाय सोडून द्यायचे. पहिल्या पाचेक मिनिटांत काहीच कळत नाही. मग हळूहळू कुठे दुखतं ते समजतं. मांडीच्या आतल्या बाजूला मुंग्या आल्या म्हणजे पट्टा फार वर चढलाय किंवा माप चुकलंय, कमरेच्या हाडावर टोचतंय म्हणजे पट्टा खाली घसरलाय, तो हाडाच्या वर बसला पाहिजे. मांडीच्या पट्ट्यात सपाट पंजा जेमतेम जाईल एवढंच सैल. मागे कुल्ल्याखाली जी दोन इलॅस्टिक असतात ना, त्याकडे कुणी बघतच नाही, पण ती जास्त सैल ठेवली तर चढताना मांडीचे पट्टे गुडघ्याकडे येतात आणि बसलं की सगळा भार कमरेवर.

आपल्या पोट्ट्यांचा अजून एक वेगळा प्रॉब्लेम आहे. युरोपातले हार्नेस तिकडच्या अंगाने बनवलेले, बऱ्याचदा सगळ्यात छोटी साइझही आपल्याकडच्या बारीक कंबरेच्या पोट्ट्यांना मोठी पडते, म्हणजे बकल पार शेवटापर्यंत ओढूनही पट्टा नीट आवळत नाही, बाजूच्या रिंगा पोटाकडे येतात, आणि दुपारी घामाने सदरा चिकटला की अजूनच सैल. असा हार्नेस कितीही भारी कंपनीचा असला तरी घ्यायचा नाही. बकल आवळल्यावरही पट्ट्याला पुढे ओढायला जागा उरली पाहिजे. ठेकेदार एकाच साइझचे डझनभर घेतो, तिथेच सगळं बिघडतं. दुसऱ्याच्या मापाचा बूट घालून कुणी ट्रेकिंगला जात नाही.

घेतल्यावर तो आपल्या अंगाला लावून घ्यायला वेळ लागतो आणि माझ्या मते खरा आराम तिथेच आहे, किमतीत नाही. पहिलं म्हणजे ब्रिज. तो आखूड असला तर गाठ छातीजवळ येते, हाताशी असते, चढायला बरं, पण आडव्या फांदीवर बाजूला झुकायचं म्हटलं की कंबर ओढली जाते. लांब असला तर झुकायला मजा, पण गाठ हाताच्या पलीकडे गेली की दोरीवर उतरताना त्रास होतो. म्हणून बसल्यावर कोपर थोडं वाकवून गाठ सहज पकडता येईल एवढाच ठेवायचा. पेट्झल कंपनीच्या सेक्वॉयासारख्या हार्नेसमध्ये हा ब्रिज बदलता येतो, ट्रीमोशन नावाच्या हार्नेसमध्येही येतो, कारण रिंग दिवसभर त्याच्यावरूनच घासत असते आणि सगळ्यात आधी तोच झिजतो. रोज चढायच्या आधी रिंग बाजूला सरकवून अख्खा ब्रिज बोटांनी चाचपायचा, कुठे मऊ पडलाय, कुठे कव्हरचे धागे फुटलेत. बदलायचा तर कंपनीचाच, त्याच मापाचा. बाजारातली कुठली तरी जाड दोरी कापून गाठी मारून ब्रिज केलेला मी बघितलाय, त्यावर काय बोलणार!

मग सामान. मागच्या आणि बाजूच्या ज्या छोट्या लूप असतात त्या फक्त सामान अडकवायच्या, माणूस नाही, हे नवीन मुलाला पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे, कारण घाईत दोरीचा कॅराबिनर (उघड-बंद होणारी कडी) तिथे लावणारे असतात. उजव्या हाताने काम करणाऱ्याने हातकरवतीची म्यान कुठे लावायची हे त्याने स्वतः लटकून ठरवायचं, मला डाव्या मांडीवर बरी वाटते, आडवा हात टाकून ओढता येते, दुसऱ्याला उजवीकडे बरी वाटेल. चेनसॉ मागे लटकवायचा तर दोन्ही बाजूंचं वजन सारखं राहील असं बघायचं, नाहीतर संध्याकाळी कंबर एका बाजूनेच दुखते. ज्यांची कंबर सडपातळ आहे आणि सामान जास्त, त्यांनी खांद्याचे पट्टे जोडून घ्यावेत, वजन खांद्यावर वाटलं जातं आणि हार्नेस घसरत नाही.

फोम कमी वाटतो म्हणून आमच्यातला एकजण हार्नेस घेऊन थेट ऑटोचं हूड शिवणाऱ्याकडे गेला होता, मांडीच्या पट्ट्याला रेक्झिनची गादी शिवून द्या म्हणून. शिवणाऱ्याचं काम सुंदर, पण भारवाहू पट्ट्यात एक सुई जरी गेली तरी तो हार्नेस बाद समजायचा. सुईने धागे तुटतात ते बाहेरून दिसत नाहीत, आणि भाराची शिलाई जी वेगळ्या रंगाच्या धाग्याने केलेली असते (झीज दिसावी म्हणूनच ती वेगळ्या रंगाची असते) ती झाकली गेली तर तपासणार काय? गादीच पाहिजे तर वेल्क्रोची, पट्ट्यावर गुंडाळून काढता येईल अशी शिवून घ्या, सुई फक्त गादीत. नाव टाकायचं तर लेबलवर, पट्ट्यावर मार्कर नको, शाईतल्या रसायनाचा भरवसा नाही. भोक पाडणं, पट्टा कापून टोक जाळणं, रिंग बदलणं, यातलं काहीच नाही.

नागपूरच्या उन्हाबद्दल तर वेगळं सांगायलाच नको. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि छाटणीचं काम नेमकं तेव्हाच, म्हणून आतून जाळी असलेला हार्नेस घ्या, जाड रेक्झिनवाला दिसायला छान पण दुपारी कंबरेला घामोळं उठवतो. घामाचं मीठ साचलं की पट्टा कडक होतो, तर साध्या साबणाने कोमट पाण्यात धुवायचा आणि सावलीत वाळवायचा, गच्चीवर उन्हात अजिबात नाही, कारण नायलॉन-पॉलिस्टर उन्हाने कमजोर होतं आणि ते डोळ्याला दिसत नाही. बाइकच्या डिकीत पेट्रोलच्या बाटलीशेजारी किंवा टेम्पोत जुन्या बॅटरीशेजारी टाकायचा नाही, बॅटरीचं ॲसिड नायलॉन खातं. लेबलवर बनवल्याची तारीख असते. बऱ्याच कंपन्या कापडी भागांना जास्तीत जास्त दहा वर्षं देतात, रोजच्या कामात त्याच्या कितीतरी आधी बाद होतो, आणि एकदा जोराचा झटका बसला की तारीख न बघता बाद.

पैशाचा प्रश्न येणारच. साइटवरचा बेल्ट हजार-दोन हजारात येतो आणि इम्पोर्टेड झाडाचा हार्नेस त्याच्या कितीतरी पट, हे मान्य. मधला रस्ता आहे पण. काचेच्या बिल्डिंगी धुणारी आणि टॉवरवर काम करणारी मुलं जे रोप ॲक्सेसचे हार्नेस वापरतात ते आता भारतात मिळतात, बसायची रिंग आहे, बाजूच्या रिंगा आहेत, फोम आहे, ब्रिज नसला तरी काम चांगलं होतं. डोंगर चढायचा हार्नेस मात्र आणू नका, त्याला बाजूच्या रिंगा नसतात आणि दिवसभर बसायला तो नाहीच. सेकंडहँड तर अजिबातच नको, त्याने आधी काय काय सोसलंय ते विकणारा सांगणार नाही.

आणि हार्नेस आरामदायी आहे म्हणून माणूस एकटा वर गेला तर तेही चालणार नाही. बेशुद्ध होऊन हार्नेसमध्ये हालचाल न करता लटकलेल्या माणसाचं रक्त पायात साचतं आणि थोड्या वेळातच जिवावर बेतू शकतं, म्हणून खाली अजून एक चढणारा, त्याच्या अंगावर हार्नेस आणि दोरी तयार, असा पाहिजेच. चेनसॉ चालवताना दोन जागी बांधलेलं पाहिजे, मुख्य दोरी आणि लॅनयार्ड. काहीजण करवतीच्या भीतीने स्टीलची तार आत असलेली लॅनयार्ड वापरतात, ती विजेच्या तारांजवळ नेऊ नका, त्यातून करंट येतो. आपल्या गल्ल्यांत फांद्या आणि विजेच्या तारा एकमेकांत गुंतलेल्याच असतात, लाइन बंद करून घेतल्याशिवाय कुणी चढूच नये.

सोसायट्या झाड कापायचं म्हटलं की महाराष्ट्राच्या १९७५ च्या झाडं जपण्याच्या कायद्याखाली परवानगी काढायला धावतात, २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांच्या वरचं झाड हेरिटेज झालं हेही आता सेक्रेटरींना पाठ आहे, चांगलंच आहे ते. पण कोटेशन मागताना चढणारा काय घालून चढणार हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच, ज्यांच्याकडे टेंडर निघतं त्यांनी आणि सोसायट्यांनी अंदाजपत्रकात झाडाच्या हार्नेसची वेगळी ओळ टाकावी, साइझ आणि मॉडेल चढणाऱ्याने लटकून बघून सांगावं, आणि विकत घेतल्यावर तो हार्नेस त्याच्याच नावावर राहावा, रोज वेगळ्याच्या अंगावर चढवू नये कारण एकाला लावलेलं माप दुसऱ्याला कधीच बसत नाही. मागच्या सीझनला धरमपेठेतल्या एका सेक्रेटरी काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, मग तुझा रेट वाढेल. मी म्हटलं, काका, वाढेल थोडा, पण एक हार्नेस नीट ठेवला तर काही सीझन चालतो, त्याचा खर्च सगळ्या कामांत वाटून पाहा, तुमच्या वाट्याला येतो तो लॉनवरच्या एका नाश्त्याच्या बिलापेक्षाही कमी. त्यांनी मीटिंगमध्ये विषय ठेवतो म्हटलंय.

आपला,
झाडावर चढून काम करणारा एक वाचक,
मानेवाडा, नागपूर