पूर्वी निदान मुंग्या तरी दिसायच्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या घरी नवा टीव्ही आला. खोक्यावर 'डीव्हीबी-टी२' असं छापलेलं, म्हणजे जमिनीवरच्या मनोऱ्यावरून येणारं डिजिटल प्रक्षेपण पकडणारा. दुकानदार म्हणाला, छत्री नको, केबल नको, साधा अँटेना लावला की दूरदर्शन फुकटात. बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या गच्चीवर जुनी काठी अजून उभी आहे, तिच्यावर नवा अँटेना चढवला आणि ऑटो सर्च लावला. शून्य चॅनेल. मेकॅनिक पोरगा आला, वर बघून म्हणाला, "काका, अजून चार फूट वर घ्या बघा." घेतला. मग सिग्नल वाढवणारा बूस्टर आणला. तरी शून्यच.

अ‍ॅनालॉगच्या काळात गच्चीवर एकजण काठी फिरवायचा आणि खालून कुणीतरी ओरडायचं, "थांब थांब, मुंग्या कमी झाल्या!" पडद्यावरच्या त्या ठिपक्यांच्या मुंग्याच वाट दाखवायच्या. डिजिटलमध्ये तसं नाही. सिग्नल पुरेसा असेल तर चित्र लख्ख, जरा कमी पडला तर चौकोन चौकोन, आणखी उतरला की काळा पडदा. अँटेनाचं तोंड चुकलंय, वायर तुटलीय की मुळात मनोराच नाही, हे त्या काळ्या पडद्यावरून कसं ओळखायचं? म्हणून कुठला मनोरा कुठल्या वारंवारितेवर, हे आकडे आधी हाताशी असावे लागतात.

शेवटी मॅन्युअल सर्चमध्ये शिरलो. यूएचएफ या टीव्हीच्या लहरींच्या पट्ट्यात एक चॅनेल ८ मेगाहर्ट्झ रुंदीचं. २१ नंबरची मधली वारंवारिता ४७४, पुढे दर नंबरला ८ वाढवायचे. म्हणजे ३१ नंबर ५५४ वर. वहीत सगळं मांडून रिमोटने एकेक आकडा टाकत दोन संध्याकाळी गेल्या. सौ. म्हणाली, बँकेत होता तेव्हासुद्धा इतकी आकडेमोड घरी आणली नव्हती. इकडून तिकडून मिळवलेल्या याद्यांत जुने अ‍ॅनालॉग मनोरे आणि नवे डिजिटल एकाच रांगेत. कुठला चालू, कुठला बंद, पत्ता नाही. वास्तविक मोक्याच्या ठिकाणचे सुमारे ५० सोडून बाकीचे अ‍ॅनालॉग मनोरे मार्च २०२२ अखेर बंद करायचं ठरलं होतं. दूरदर्शनने २०१६ मध्ये १६ शहरांत डिजिटल सेवा सुरू केली, त्यांत महाराष्ट्रातली मुंबई नि औरंगाबाद होती, कर्नाटकातलं बेंगळुरू होतं, बेळगाव नव्हतं. बेंगळुरू इथून पाचशे किलोमीटर. यूएचएफ लहरी जवळपास सरळ रेषेत जातात; पन्नास-साठ किलोमीटरच्या पुढे घरगुती अँटेनाचा सहसा निभाव लागत नाही. चार फुटांनी काय होणार होतं?

छत्रीवाल्यांचं बरं आहे. दूरदर्शनच्या फ्री डिशसाठी जीसॅट-१५ हा उपग्रह कुठे, तर ९३.५ अंश पूर्वेला, हे आमच्या गल्लीतला पोरगाही झोपेत सांगेल. जमिनीवरच्या मनोऱ्यांचं तसंच तालुकावार कोष्टक मराठीत आणि कन्नडमध्ये का नसावं? फार काही नको. चॅनेल नंबर, वारंवारिता, अँटेनाच्या काड्या आडव्या ठेवायच्या की उभ्या, मनोरा कोणत्या गावी, आज चालू आहे का. बाकीचे तांत्रिक बारकावे टीव्ही आपला आपण ओळखतो. सीमेवरच्या गावांना दोन्ही राज्यांतले मनोरे सांगा. लहरी काही राज्य विचारून येत नाहीत. आणि जिथे मनोरा नाही तिथे 'नाही' असं ठळक छापा. तेवढा एक शब्द आधी वाचला असता तर माझा बूस्टर दुकानातच राहिला असता.

खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडे कुणाला साध्या अँटेनावर एखादं तरी डिजिटल चॅनेल लागलं असेल, तर त्यांनी नंबर आणि अँटेनाची दिशा याच सदरात कळवावी, ही विनंती.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, टिळकवाडी, बेळगाव