चिलखत तेच, मुंडकी वेगळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत आपण इंग्लंडचा पहिला चार्ल्स छापलात, घोड्यावर बसलेला, अंगभर चिलखत. खाली ओळ होती : ‘रणांगणावरील राजा’. मी तीस वर्षं सांगलीत ब्लॉक, म्हणजे चित्रं छापायचे धातूचे ठसे, बनवले. कुठलंही छापील चित्र दिसलं की आधी मानेची रेघ बघायची खोड अजून सुटलेली नाही, म्हणून हे पत्र.

हे चित्र पिएर लोंबार या फ्रेंच कारागिराने तांब्याच्या पत्र्यावर कोरलं. घोडा आणि स्वाराचा थाट चित्रकार व्हॅन डाइकने 1633 साली रंगवलेल्या चार्ल्सच्या चित्रावरून उचललेला. पण लोंबारने त्या धडावर आधी बसवला तो ऑलिव्हर क्रॉमवेल! म्हणजे 30 जानेवारी 1649 रोजी ज्यांनी चार्ल्सचं मुंडकं उडवलं, त्यांचाच म्होरक्या. पुढे तो चेहरा घासून फ्रान्सचा चौदावा लुई आला, पुन्हा क्रॉमवेल आला, आणि मग खुद्द चार्ल्स. मधली एक छाप अशीही आहे, की खांद्यावर चेहऱ्याच्या जागी नुसता कोरा कागद. बिनमुंडक्याचा घोडेस्वार म्हणूनच हे चित्र ओळखतात.

तांब्यावर हे काम किचकट. रेघा खरवडायच्या, जागा घोटायची, खळगा पडला की मागून हातोडीने हलके ठोकून वर आणायचा, मग नवे नाक-डोळे. तरी परवडतं, कारण चिलखताची चकाकी रेघारेघांनी उभी करण्यातच खरे दिवस जातात. ती कोण पुन्हा कोरणार?

तेव्हा चिलखत पाहून लढाई ओळखू नये. क्रॉमवेलचे स्वार जाड चामड्याचा डगला, छाती-पाठीला पत्रा आणि लोखंडी टोप एवढ्यावर लढत. बंदुकांच्या जमान्यात नखशिखांत लोखंड मागे पडत चाललं होतं. चित्रात मात्र ते टिकलं, आपल्याकडे फोटोपुरता फेटा बांधतात तसं. (एका निवडणुकीत एका पुढाऱ्याच्या फेट्याखाली दुसऱ्याचा चेहरा, ब्रोमाइड (फोटोची कागदी प्रत) कापून, मी स्वतः चिकटवलाय. गिऱ्हाईक खूश. फेट्याच्या मालकाला पत्ताच नाही.)

अशी चित्रं छापताना कोरणाऱ्याचं नाव आणि ती कितवी छाप, एवढं खाली द्यावं. माझं नाव मात्र छापू नये. फेट्याचे मालक अजून हयात आहेत.

— एक जुना ब्लॉकमेकर, सांगली